इसाकमियांचा धागा

"मान धुतली?" इसाकमियांनी विचारलं.

तुळजाबाईने खाली पाहिलं. तिच्या मानेवर आठवड्यापूर्वी काढलेल्या शाईच्या चार ठिपक्यांपैकी एकही उरला नव्हता.

"म्या न्हाई, सासूनं धुतली. कुनीतरी करणी केलीया म्हनली. शिकेकाईनं घासली."

जहागीरदारांनी बीडला बांधलेल्या दवाखान्यात किरणांचं यंत्र हैदराबादहून दोन महिन्यांपुरतं आलं होतं. किरणांचा शेक कुणाला द्यायचा हे डॉक्टर ठरवत. नेमका कुठे, किती अंतरावरून, किती मिनिटं, ते मोजायचं आणि त्या जागी शाईचे ठिपके द्यायचं काम इसाकमियांचं. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करत, त्यामुळे तांदळाएवढी चूकही त्यांना झोंबे. चौसाळ्याच्या तुळजाबाईच्या मानेतली गाठ चार शेकांत निम्मी बसली होती. आणखी दोन बाकी होते. ते जागा चुकून पडले तर निरोगी गळा भाजणार, आणि यंत्र परत गेलं की गाठ कापण्यावाचून इलाज नव्हता.

इसाकमियांनी कोटाच्या खिशातून गाठी मारलेला धागा काढला, कानाच्या पाळीपासून मोजून नवे ठिपके दिले आणि पाचवा शेक पार पाडला.

"बुधवारपर्यंत पानी लावायचं न्हाई. जिनं धुतलं तिला माझ्यासमोर उभं करा."

"सासूला आनू?"

इसाकमियांनी धागा घाईनं खिशात घातला. "नको. निरोप द्या."

तुळजाबाईही हट्टाची. दवाखान्यातून निघाली ती थेट बाजारात गोंदणाऱ्या भामाबाईपुढे जाऊन बसली आणि चारही ठिपक्यांवर सुई टोचून घेतली.

बुधवारी तिने ऐटीत मान वळवली. "सासूनं दोनदा घासलं. हात दुखले तिचे."

इसाकमियांना मनापासून आनंद झाला. मग त्यांनी धागा लावला आणि आनंद संपला. ठिपके दीड तांदूळ खाली भरत होते.

"तुमची गोंदनारी आंधळी हाय का? शेक धाग्यापरमानंच पडंल."

तुळजाबाईने दोन्ही हातांनी गळा झाकला. "ठिपके तुमचे, सुई तिची. म्या हललेबी न्हाई. तिला बोलवा, तवर हात काढीत न्हाई."

भामाबाई आली. तिने ठिपके पाहिले, धागा पाहिला. "मियां, शाईवरच टोचलंय. गोंदण सरकत न्हाई. दुसरं काय सरकलं ते बघा."

तिचं तोंड बंद करायचं म्हणून इसाकमियांनी पेटीतली मापाची पितळी पट्टी काढली आणि धागा तिच्यावर ताणून धरला. मूळ मापापेक्षा दीड तांदूळ कमी. पुन्हा मोजला. तेवढाच कमी. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की धाग्यावरचे शाईचे जुने डाग गेले आहेत आणि त्याला साबणाचा वास येतो आहे.

सहावा शेक गोंदणावरच दिला. इसाकमियांनी भामाबाईची माफीही मागितली, थोडी हळू आवाजात.

घरी येताच त्यांनी बायकोला विचारलं, "खिशातला धागा?"

"लई मळला होता," हाफिजा म्हणाली. "कोटासंगं उकळत्या पान्यात टाकला. कावून?"

सगळ्या बीड तालुक्याला धुण्याची बंदी सांगणाऱ्या या माणसाचा धागा त्याच्याच घरात धुऊन आखडला होता. महिन्याभरात तुळजाबाईची गाठ पार बसली. सासू आता तेच गोंदण शेजारणींना हौसेनं दाखवते.

इसाकमियांनी धागा फेकून दिला आणि पितळी पट्टी कोटाच्या खिशात ठेवू लागले. "ही उकळली तरी आखडत न्हाई," त्यांनी घरात ठणकावून सांगितलं.

हाफिजाने पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"काळी पडलीय की," ती म्हणाली. "चिंच अन् राख लावून घासते. हे आकडेबिकडे सगळे निघतील बघा."