उणे चार हजार लिटर

माणूस खोटं बोलू शकतो, मीटरला ती सोय नाही. म्हणून सरकारदरबारी साक्ष मीटरची धरतात. रचना साधी असते. पाण्याच्या जोरानं आतली चक्री फिरते आणि चक्री आकडे फिरवते. (पाणी नसेल तर ती हवेवरही तितक्याच निष्ठेनं फिरते.)

कडावच्या पलीकडे आमच्या वाडीत सरकारी नळयोजनेतून घरोघरी असे मीटर बसले. पाणी यायचं राहिलं, पण ते किरकोळ. बायकांनी नळाला नळी जोडून तिचं टोक पिंपाच्या तळाशी सोडलं आणि तोटी कायम उघडी ठेवली. आपण शेतावर असताना पाणी आलं तर वाया जायला नको.

त्याच पाइपावर खालच्या अंगाला एका फार्महाऊसनं मोटर लावली. दर शुक्रवारी तिथला तरणतलाव भरतात. मोटर सुरू झाली की सगळा पाइप ओढून घेते, आमच्या चक्र्या उलट फिरतात आणि पिंपात काही असलं तर तेही जातं.

पुतळाबाईंची सून बाळंतीण. एका शुक्रवारी त्यांनी विहिरीवरून हंडे वाहून पिंप भरलं, बाळाच्या अंघोळीसाठी. जरा पाठ टेकून उठतात तो पिंप कोरडं. त्या तडक पाणीपुरवठ्याच्या साहेबांना घेऊन आल्या.

"सायेब, माज्या पिंपातलं पानी नळानं पिलं."

"आजी, नळ पाणी पीत नाही." साहेबांनी मीटर पाहिला. "तुमचा वापर उणे आहे. म्हणजे पाणी तुम्ही दिलंय."

"मी कुनाला दिलं? बाळ पारोसं हाय घरात."

मीटरवर 'कुणाला' असा आकडा नसतो, त्यामुळे साहेबांचा नाइलाज झाला.

वाडीची बेरीज उणे चार हजार लिटर निघाली. टंचाईचा टँकर नियमानुसार रद्द झाला (जे गाव पाणी पुरवतं, त्याला टंचाई कसली?) आणि आम्ही 'जलदाता गाव' ठरलो. पुतळाबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नारळ त्यांनी मांडवातच फोडून घेतला आणि आतलं पाणी तांब्यात धरून सुनेला नेलं. योजनेतून घरपोच मिळालेलं ते पहिलं पाणी.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. वाचकहो, गेल्या शनिवारी आपण त्या फार्महाऊसवर पोहायला उतरलात, आणि तलाव काठोकाठ नव्हता म्हणून मोबाइलवरच्या अभिप्रायात त्याला एक तारा कमी दिलात, असं कळलं. आदल्या दिवशी बाळाचं बारसं होतं, म्हणून पुतळाबाईंनी पिंपातली नळी काढून ठेवली होती. त्यांना समज देण्यात आली आहे. आपण अवश्य यावं.