बारा अंगठे, एक टाकी

आयर्लंडमधल्या नावन गावाबाहेर, शेमस नावाच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात, आम्ही बारा मराठी कुटुंबांनी भाजीपाल्यासाठी बारा वाफे भाड्याने घेतले आहेत. मधे एक शेड आहे आणि तिच्या छपरावरचं पाणी साठवणारी हजार लिटरची टाकी. यंदा जूनमध्ये सलग एकवीस दिवस पाऊस पडला नाही. इथे असं कुणी सांगितलं तर लोक आधी बाहेर जाऊन खात्री करून घेतात. कौन्सिलने पाइप वापरायला बंदी घातली, शेमसच्या घरून येणारं पाणी थांबलं आणि मेच्या पावसाने काठोकाठ भरलेल्या आमच्या टाकीला धरणाचा दर्जा प्राप्त झाला.

साहजिकच पाणीवाटप समिती स्थापन झाली. अध्यक्ष हर्षवर्धन. हे औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत, जिथे फरशी पुसल्यावरसुद्धा दोन सह्या होतात. सचिव मी. टाकीच्या तोटीला कुलूप लावून आम्ही चौदा पानी कार्यपद्धती ग्रुपवर टाकली. चार मिनिटांत बारा अंगठे आले आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

बारावा वाफा कौमुदीचा. तिचे वडील दत्तात्रयकाका साताऱ्याकडून तीन महिन्यांसाठी आले होते. ते निवृत्त पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारे. त्यांनी गावाकडून आणलेलं मेथीचं बी वाफ्यात टाकलं होतं. गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी नातीला, स्वरांगीला, स्वतःच्या हातची भाजी खाऊ घालायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पहिल्याच बैठकीत ते उभे राहिले. "आवं, पानी आधी शेपटाला, म्हंजी शेवटच्या वाफ्याला द्यायचं, मग वर सरकायचं. वाफ्याला दोन-दोन बादल्या. तासाभराचं काम हाय. चला, उठा."

"काका, व्हेरी गुड पॉइंट," हर्षवर्धन म्हणाले. "परिशिष्ट 'क'मध्ये घेतो. पण आधी गरज सिद्ध व्हायला हवी ना? डेटा काय म्हणतो ते बघू."

कौमुदीने रोपांच्या फोटोसह अर्ज केला. कलम सातनुसार तो फेटाळला गेला: रोपे हिरवी आहेत, सबब पाण्याची गरज सिद्ध होत नाही. चौकशीत असंही आढळलं की काका रोज तांदूळ धुतलेलं पाणी बाटलीतून आणून घालतात. ते बंद करण्यात आलं, कारण बाहेरचं पाणी आल्यावर टंचाईचं मोजमाप चुकतं.

पाच दिवसांनी मेथीने माना टाकल्या. कौमुदीने आनंदाने नवा फोटो जोडला. हर्षवर्धन यांनी तो मोठा करून पाहिला.

"अगं, ही तर गेलीच की! कलम नऊ. कोमेजलेल्या रोपांवर दुर्मिळ पाणी वाया घालवू नये."

"मग पाणी द्यायचं तरी कधी?"

"सात आणि नऊच्या मधे," ते म्हणाले. "तशी वेळ असते. ती पकडायला उपसमिती नेमू या."

बाकीच्या अकरा अर्जांचंही हेच झालं, त्यामुळे कुणावर अन्याय झाला असं म्हणता येणार नाही.

शेमस कुंपणावर रेलून ऐकत होता. आत येऊन त्याने टाकीवर बोटांनी टकटक केलं. "ही भरलेली आहे की रे!"

"हो," मी म्हणालो. "नियोजन."

मी काकांना बाजूला घेऊन तोटीची किल्ली दाखवली. मला त्या मेथीकडे बघवत नव्हतं, हे खरंच सांगतो. काकांनी हात मागे घेतला. "तीस वर्षं पानीचोर धरले. आता जाताजाता चोरी करू व्हय?" मग ते कौमुदीकडे वळले. "पर बाळ, ही कलमं मंजूर कुनी केली?"

तिने फोन दाखवला. काकांनी चष्मा लावून बारा अंगठे मोजले. "ह्यातला तुजा कंचा?"

"आठवा," कौमुदी म्हणाली. "मी बसमध्ये होते, बाबा. वाचलं नव्हतं."

"आमच्या कालव्यावर अडानी मानसं अंगठा उठवायची," काका म्हणाले. "पर आधी कागद दोघांकडनं वाचून घ्यायची."

गुरुवारी सकाळी ते विमानतळाकडे निघाले तेव्हा धो धो पाऊस लागला. वाटेत ते वाफ्यापाशी थांबले. स्वरांगीने एक काडी उपटून पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, इट्स डेड." काकांनी ती काडी तिच्या हातातून घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवली. टाकीचं पाणी काठावरून वाहून चिखलात जात होतं.

संध्याकाळी मी समितीचा अहवाल ग्रुपवर टाकला. टंचाईच्या काळात एक थेंबही वाया न घालवता शंभर टक्के जलबचत. शेवटच्या ओळीत मुद्दाम लिहिलं, की यापुढे वाफ्यावर पडणारा पाऊसही समितीची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय कुणी वापरू नये. मिनिटभरात अकरा अंगठे आले.

कौमुदी ग्रुप सोडून गेली आहे. तिच्या जागी मी तुमचं नाव घातलं आहे. अहवाल वाचायची तसदी घेऊ नका, आजवर तुम्ही कुठे घेतली आहे? नेहमीप्रमाणे नुसता अंगठा द्या.