उजव्या बाजूचं दार

आमच्या गल्लीतले दत्तोबा सुतार, म्हणजे आबा, ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या रक्षाविसर्जनाला जातात. धुतलेली टोपी, पांढरा शर्ट आणि खिशात मोजायची टेप. सकाळी घाटावर गर्दीत मागे उभे राहतात, सगळ्यांबरोबर हात जोडतात आणि माणसं पांगायला लागली की मयताच्या थोरल्या मुलाला हळूच बाजूला घेऊन विचारतात, "वडलांची गाडी हाय न्हवं अजून? उजवं दार कसं हाय तिचं?"

हा प्रकार मी दोनदा डोळ्यांनी पाहिला आहे, कारण दोन्ही वेळा त्यांना स्कूटरवरून नेणारा मीच होतो. मी पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त कारकून. आबा मला भाऊसाहेब म्हणतात आणि वाटेल त्या कामाला जुंपतात. निवृत्त माणसाला 'वेळ नाही' म्हणता येत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं आहे.

आधी गाडीचं सांगतो. आबांचा मुलगा विश्वास हौशी लोकांच्या मोटार शर्यतीत उतरतो. त्याची गाडी म्हणजे एकेकाळी प्रत्येक गल्लीत एक तरी असायची ती छोटी चारचाकी. कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलं. आमच्याकडे अशा जुन्या गाड्यांचीच वेगळी शर्यत होते. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वळणावर दुसरी एक गाडी घसरत आली आणि विश्वासच्या उजव्या दारावर आदळली. खुबा मोडला. दोन ऑपरेशनं झाली, चार महिने अंथरुणात गेले. वय तेहेतीस आणि हातात काठी.

पोरगा मात्र हसरा. भेटेल त्याला सांगतो, "त्या दारानं वाचवलं मला. दुसऱ्या कुठल्या गाडीचं असतं तर आज माझा फोटो भिंतीवर हार घालून लावला असता." हे वाक्य आलं की आबा उठून पाणी प्यायला जातात.

ते चेपलेलं दार ठेवलं असतं तर ठोकून सरळ तरी करता आलं असतं. पण विश्वास दवाखान्यात असतानाच आबांनी ते शिरोली एमआयडीसीत नेऊन ओळखीच्या भट्टीत टाकलं. विश्वासला ते आठवण म्हणून ठेवायचं होतं. त्यावरून बापलेकांत महिनाभर अबोला होता.

आता विश्वासला पुन्हा गाडीत बसायचं होतं. डॉक्टरांनी कुरकुरत का होईना, कागद दिला होता. यंदा गाडी उभी राहिली नाही तर नियमाप्रमाणे त्याचा शर्यतीतला नंबर जाणार, आणि एकदा गेला की काठीवाल्याला नवा कोण देतो? इंजिन तयार होतं, टायर तयार होते. फक्त उजवं दार नव्हतं, आणि ते बाजारात कुठेही मिळत नव्हतं.

शर्यतीच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत. ते वाचून दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी सांगितलं, "आबा, बॉडीचे भाग मूळ कंपनीचे पाहिजेत. मिळत नसतील तर हातानं बनवलेले चालतील, पण धातू तोच, जाडी तीच, आकार तोच. फायबर चालणार नाही. दाराच्या पत्र्याआड आडवी लोखंडी नळी असते, बाजूनं धडक बसली तर माणूस वाचावा म्हणून. तीसुद्धा मूळच्यासारखीच पाहिजे."

"पुन्यांदा वाचा."

"कुठलं?"

"नळीचं."

तीन वेळा वाचायला लावलं. तेव्हापासून ते पुस्तक त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. इंग्रजीचा एक शब्द त्यांना वाचता येत नाही, पण नळीचं पान कोपरा दुमडून ठेवलेलं. आणि तेव्हापासूनच "नियमात बसतंय का बघा" हे त्यांचं पालुपद झालं. माझ्या बायकोनं चहात साखर जास्त घातली तरी हेच, आणि मी स्कूटर तिरकी लावली तरी हेच.

दाराच्या शोधासाठी त्यांनी एक वही केली. जिल्ह्यात त्या जातीच्या गाड्या कुणाकडे उरल्यात, त्याची नोंद. मी एकदा ती चाळली आणि पुन्हा हात लावला नाही. 'गगनबावडा रोड. रिटायर मास्तर. वय अठ्ठ्याहत्तर. दमा. गाडी पांढरी, उजवं दार चांगलं.' त्याखाली दुसऱ्या पेनानं, 'दमा वाढला.'

मास्तर गेले. आम्ही रक्षाविसर्जनाला गेलो. तिथे श्रद्धांजलीची भाषणं सुरू होती. मुलानं आबांचे भरलेले डोळे पाहिले, त्याला वाटलं वडिलांचे कुणी जुने स्नेही असावेत, आणि त्यानं त्यांना दोन शब्द बोलायला पुढे केलं. मला घाम फुटला. आबा शांतपणे म्हणाले, "मास्तर लई जपणारा मानूस. सावली बघितल्याबिगर कधी गाडी उभी केली न्हाय. पावसाळ्यात कव्हर घालायचं. असा मानूस हुणं न्हाय." चार बायका रडल्या. गाडी मास्तरांनी मरायच्या पंधरा दिवस आधी जावयाला दिली होती, आणि जावयानं ती रक्षाविसर्जनाला येताना एका पुलाच्या कठड्याला घासली होती, उजव्या बाजूनं.

दुसरं दार चंदगडला सापडलं. काजूच्या कारखान्यामागे गाडी पडून होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मालक म्हणाला, "पावणं, दार न्या खुशाल, पण खुडूक कोंबडी बसलीया, तिला उठवू नका." आबांनी तिला न उठवता दाराचे बोल्ट सोडवले. दार हातात आलं, पण निम्मंच. तिकडच्या पावसानं खालचा पत्रा खाऊन टाकला होता. परत येताना स्कूटर गडहिंग्लजला आली. तेव्हा आबा पाठीमागून म्हणाले, "भाऊसाहेब, आता हातानंच करायचं."

आबा चाळीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा कुठलाही भाग ओतायच्या आधी त्याची लाकडी प्रतिकृती करायची, ती यांनी. अशा माणसाला दार काय अवघड? टेपनं डाव्या दाराची मापं घेतली, ती उलटवून सागवानाचा साचा केला आणि त्यावर पत्रा ठोकायला बसले. दोन महिने गल्लीत दुपारी कुणी झोपलं नाही. अधूनमधून ते डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे आणि मलाही फिरवायला लावायचे. मला काही कळायचं नाही. मी "झकास" म्हणायचो.

दार बसवायच्या दिवशी सगळी गल्ली जमली. आबांनी नारळ फोडला. दार लावलं आणि ते बंदच होईना. वरून बघितलं, खालून बघितलं, बिजागऱ्या सैल केल्या. शेवटी टेपनं मापलं तर लांबीला नऊ मिलिमीटर जास्त. उंचीलाही त्याच हिशेबानं जास्त.

आबांनी हातातली पोलादी पट्टी उलटी केली, पाहिली आणि जोत्यावर बसले. फाउंड्रीतल्या पट्टीवरची मापं मुद्दाम थोडी मोठी आखलेली असतात. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा करायचा असतो. चाळीस वर्षं हातात असलेली तीच पट्टी त्यांनी साचा आखताना सवयीनं उचलली होती. ठोकलेला पत्रा कशाला आकसतोय? विश्वास पोट धरून हसला. गल्लीही हसली. मीही हसलो, आणि आबांच्या तोंडाकडे लक्ष गेल्यावर मला माझीच लाज वाटली. माणूस पांढराफटक पडला होता.

"एवढं काय आबा," मी म्हणालो, "दार मोठं झालंय, बाकी काय बिघडलं?"

"माज्या हातनं चूक झाली," ते म्हणाले. "पुन्यांदा झाली."

पहिल्यांदा कधी झाली, ते मी विचारलं नाही. ती पट्टी त्यांनी माझ्या कपाटात ठेवायला दिली आणि किल्लीही माझ्याचकडे ठेवा म्हणाले. दुसरं दार पाच आठवड्यांत उभं राहिलं. ते चपखल बसलं.

तपासणीच्या दिवशी मी बरोबर होतो. ट्रॅकवर ऊन रणरणत होतं. तपासणीला आलेला तरुण इंजिनिअर आबांना ओळखणारा, आदरानं वागणारा. त्यानं पत्र्याची जाडी मापली, कडा पाहिल्या, दारावर टिचकी मारली आणि म्हणाला, "आबा, तुमच्या कामाचं काय बघायचं? ओके." आणि पेन काढलं.

"उघडा," आबा म्हणाले.

"काय?"

"दार उघडून आत बघा. नळी हाय का न्हाय."

"असणारच की आबा. अजून अकरा गाड्या राहिल्यात माझ्या."

"नियमात हाय. उघडून बघायचं."

विश्वास गाडीतून ओरडला, "आबा, सोडा की त्यास्नी." आबांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि आतलं आवरण स्वतःच उतरवलं. इंजिनिअरनं बॅटरी मारून पाहिलं. "आहे नळी. चांगली जाड आहे."

"हात लावून बघा. हलवून बघा."

त्यानं वैतागून हात घातला, हलवलं, सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेला. माझाही पारा चढला होता. चार माणसांत पोराची शोभा करायची गरज काय होती? गाडी रांगेकडे गेल्यावर मी तसं बोललोही. आबा ट्रॅककडे पाठ करून कठड्याला टेकले होते.

"भाऊसाहेब, त्या चेपल्याल्या दाराला नळी न्हवती."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मीच काढलती. वजन कमी हुतंय, पोरगं पुढं जातंय म्हनून. वरनं काय बी दिसत न्हवतं. ह्योच साहेब आलता तवा. अशीच टिचकी मारून सही करून गेला." मग म्हणाले, "त्यानं उघडाय पायजे हुतं. लई वाटतंय मला. उघडाय पायजे हुतं."

"विश्वासला माहीत आहे?"

"त्यो म्हंतोय, दारानं वाचवलं."

राग आला होता, तो कुठे गेला ते कळलं नाही. या माणसाबरोबर मी इतके महिने हिंडलो, त्याच्या वहीवर हसलो, त्याच्या टोपीवर हसलो, आणि तो कशापायी हिंडतोय ते मला ठाऊक नव्हतं. शर्यत सुरू झाली. आठ फेऱ्या आबा तसेच पाठ करून उभे होते. प्रत्येक वेळी गाड्या शेवटच्या वळणावर आल्या की ते मला विचारत, "गेला का पुढं?" मी म्हणत होतो, "गेला."

विश्वास सातवा आला. गाडी आत येऊन थांबली आणि आबा तिच्याजवळ गेले. मीही मागोमाग. त्यांनी बाहेरून दार उघडलं आणि विश्वासच्या पायापाशी उकिडवे बसले.

"आबा, दार एक नंबर," विश्वास म्हणाला. "जरा बी वाजत न्हाय."

"हेल्मेट काड," आबा म्हणाले. "तुला एक सांगायचं हाय."

विश्वास हसत हसत हनुवटीखालचा पट्टा सोडायला लागला.