करंजाच्या पुढे न जाणारी लाँच

हिराजीनानांच्या घरी गेलात तर पाणी मिळेल ते स्टिकर न काढलेल्या पेल्यात. फ्रीज बारा वर्षांचा झाला, पण दारावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच आहे, आता पिवळं पडलेलं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला वर रबरबँड. भिंतीवरचं घड्याळसुद्धा पिशवीत, त्यामुळे किती वाजले हे बघायला अगदी भिंतीशी जावं लागतं. खुर्च्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. मे महिन्यात पाहुणा उठला की खुर्चीही थोडी त्याच्याबरोबर उठते. चष्म्याच्या काचेवरचा स्टिकर तेवढा निघालाय, आणि तोही दुकानदाराने काढला, नाना नको नको म्हणत असताना.

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "खारा वारा नवं-जुनं बगत न्हाय."

आता हे अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आमचं गाव रेवस बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. इथे खिडकीच्या बिजागऱ्या दोन वर्षांत गंजतात. माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर भर रस्त्यात गळून पडला होता. पण म्हणून काय स्टीलच्या पेल्याला कुणी जपतं? हे विचारायची सोय नाही. नाना चौतीस वर्षं रेवस ते मुंबईचा भाऊचा धक्का या लाँचवर सारंग होते. सारंग म्हणजे लाँचचं सुकाणू ज्याच्या हातात असतं तो. त्याच्याशी बोलून त्याचं लक्ष विचलित करायचं नसतं, आणि नानांनी तो नियम घरीही चालू ठेवलाय.

तर या नानांनी मागच्या वर्षी स्वतःच्या हाताने कंप्युटर बांधला.

तयार का नाही घेतला, तर म्हणे, "बंद पेटीतला इंजन सारंग घेत न्हाय." लाँचवरचे जुने खलाशी मुंबईहून एकेक सुटा भाग घेऊन आले. एका फेरीला मदरबोर्ड, एका फेरीला प्रोसेसर, एका फेरीला नुसताच स्क्रूंचा पुडा. नाना मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, एक स्क्रू पिळायचे, पुन्हा व्हिडिओ. पंधरा दिवसांत कंप्युटर उभा राहिला आणि चालूही झाला. फक्त चालू राहत नव्हता.

इथे मी आलो. मी ग्रामपंचायतीत दाखले छापतो. जन्माचा, मृत्यूचा, रहिवासी. कंप्युटरबद्दल मला येतं ते एवढंच. पण गावाने एकदा ठरवलं की माणूस कंप्युटरवाला, की मग सुटका नाही. नानांनी बोलावणं पाठवलं आणि मी आपला मान हलवत गेलो.

त्यांनी तो कंप्युटर कशासाठी बांधला होता हे मला तेव्हा कळलं. बोटी चालवायच्या एका खेळासाठी. ठाण्याकडच्या कुणा हौशी माणसाने त्या खेळात आपलं अख्खं मुंबई बंदर बसवलंय. समोर रेवसचा धक्का, डावीकडे बांधलेल्या होड्या, खाडीच्या पलीकडे करंजा. नानांनी खाकी टोपी घातली, दोन वेळा भोंगा दिला आणि बाणाच्या बटणावर बोट ठेवलं. लाँच सुटली. करंजा समोर आलं आणि पडदा काळा. कंप्युटर बंद.

"नऊ मिनिटं," नाना म्हणाले. "रोज नऊ मिनिटं. करंजाच्या फुडं जात न्हाय."

"नुसता चालू ठेवला तर?"

"नुसता ठेवला तर अर्दा तास ऱ्हातो. पन नुसता कशाला ठेवू? लाँच काय बंदरात बांदून ठेवायला घेतात?"

मी म्हटलं, नाना, या खेळात जिथे थांबलो तिथून पुढे जायची सोय असते. आज करंजापर्यंत, उद्या करंजापासून पुढे, आठ-दहा दिवसांत पोचाल धक्क्याला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शाळेचे दिवस आठवले.

"भर समुद्रात मधूनच कोन चढतो रं?"

म्हणजे सव्वा तासाची फेरी एका दमात झाली पाहिजे, रेवसला सुटून भाऊच्या धक्क्याला लागली पाहिजे. यात तडजोड नाही. आणि दुसरी अट तर त्याहून भारी. ओहोटीला लाँच सोडायची नाही. रेवसच्या बंदरात ओहोटीला चिखल असतो, खरी लाँचसुद्धा भरतीचीच वाट बघते. खेळातल्या समुद्राला भरती-ओहोटी नाही, तो बारा महिने चोवीस तास भरलेला. पण नानांना ते कसं चालावं? त्यामुळे कंप्युटर तपासायला मला नाना तिथीप्रमाणे बोलवायचे. "आज पंचमी. तीन वाजता ये, पानी असंल." पंचायतीत ग्रामसेवक विचारायचे, अर्धी रजा कशासाठी? काय सांगणार? भरतीसाठी?

महिनाभर मी त्या कंप्युटरमागे होतो. आधी म्हटलं व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी दिवे मिणमिणतात हे जगजाहीर आहे. स्टॅबिलायझर आणला. नऊ मिनिटं. मग म्हटलं वायर सैल असेल. सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. नऊ मिनिटं. मग माझ्या मेहुण्याच्या कंप्युटरचा पॉवर सप्लाय काढून आणून जोडला, मेहुण्याला न सांगता. तेवढीच नऊ मिनिटं आणि मेहुण्याचं एक आठवड्याचं तोंड वाकडं. मग मी व्हायरस असं म्हणालो. काही सुचेनासं झालं की आम्ही व्हायरस म्हणतो.

नाना मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते. "इंजन तापतोय, सुधीर. तापला की बंद पडतोय. लाँचचा पन असाच पडायचा."

"नाना, पंखा फिरतोय ना समोर. तापेल कसा?"

"फिरतोय खरा," नाना म्हणायचे. एकदा त्यांनी कंप्युटरचं झाकण काढून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. त्या दिवशी लाँच अकरा मिनिटं गेली. आणखी दोन मिनिटांचा समुद्र मिळाला म्हणून नाना असे खूश झाले की मला संत्र्याच्या दोन गोळ्या दिल्या. मी मात्र चिडलो. सारखं हरायला कुणाला आवडतं?

एका दुपारी मी चिडूनच पोचलो तर नाना बंदरावर गेलेले. गोपीकाकी, म्हणजे नानांची बायको, ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी म्हटलं, काकी, यांना सांगा की नाद सोडा. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी खेळात जीव अडकवून बसलेत.

काकींनी निवडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "खेल न्हाय तो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नानांनी चौतीस वर्षांत काकींना कधी आपल्या लाँचवर घेतलं नव्हतं. बायको मागे बसली की सारंगाचं चित्त पुढे राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकी मुंबईला जायच्या तर पेणवरून एसटीने. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मात्र नाना स्वतःहून म्हणाले, आज चल, तुला धक्का दाखवतो. काकी नवं लुगडं नेसून बसल्या. अर्ध्या वाटेवर, तेलाच्या जहाजांच्या अलीकडे पाण्यावर तरंगणारा एक लाल बोया आहे, तिथे नानांच्या छातीत कळ आली. खलाशाने सुकाणू घेतलं आणि लाँच रेवसला परत फिरवली. नाना वाचले. पण चौतीस वर्षांत अर्ध्यातून परत आलेली त्यांची फेरी ती एकच, आणि ती काकींना घेऊन निघालेली.

"मग खऱ्या लाँचने जा की दोघं. सव्वा तासाचा तर प्रश्न."

"त्यांना उतारू म्हनून बाकड्यावर बसवत न्हाय. अन् माजा पाय आता पान्यावर पडत न्हाय, सुधीर. त्या दिवशी मी बगितलाय त्यांचा तोंड. काळानिळा." काकींनी सुपातली सुकट झटकली. "मीच बोलले होते, जिमिनीवर बसून नेनार असाल तर येते. मस्करीत बोलले. त्यांनी कंप्युटर बांदला."

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. मेहुण्याचा पॉवर सप्लाय चोरल्याचं मला तोवर वाईट वाटत होतं, तेही वाटेनासं झालं.

नाना आल्यावर मी म्हटलं, आज सगळं खोलायचं. प्रोसेसरवरचा तो पंख्याचा जड ठोकळासुद्धा. नाना कुरकुरले, पण स्क्रूड्रायव्हर दिला. ठोकळा उचलून मी उलटा केला. खालचा भाग तांब्याचा, चकचकीत असायला हवा होता. त्याच्यावर एक पातळ पारदर्शक प्लास्टिक होतं. नवंकोरं. त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं, वापरण्यापूर्वी काढा.

मी नानांकडे बघितलं. नाना शांतपणे म्हणाले, "तो र्‍हाऊ दे. तो मी मुद्दाम ठेवलाय."

"मुद्दाम?"

"तांबा हाय खाली. खारा वारा लागला की हिरवा पडंल."

मी हसू की रडू मला कळेना. महिनाभर मी वायरी खोचत होतो, मेहुण्याशी भांडत होतो, व्हायरस म्हणत होतो, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून रोगही बरोबर सांगत होता आणि त्याच्यावर पांघरूणही घालत होता. मी समजावून सांगितलं. प्रोसेसर तापतो, त्याची ऊब या तांब्यातून वर जाते, मग पंखा ती उडवतो. मधे प्लास्टिक असेल तर ऊब जाणार कुठून? नानांना हे कळत होतं. इंजिनाचा माणूस तो. पण हात पुढे होईना. नखाने एक कोपरा उचलला आणि पुन्हा दाबून बसवला.

"थोडासा काढून चालंल?"

तेवढ्यात काकी आल्या. हात सुकटीचेच होते, ते पदराला पुसले. त्यांनी ठोकळा नानांच्या हातातून घेतला, नखाने कोपरा धरला आणि एका ओढीत प्लास्टिक काढून टाकलं. कित्येक वर्षांचं काम एकदम केल्यासारखं. नानांनी डोळे मिटून घेतले होते.

प्रोसेसरवरची, ऊब तांब्यात पोचवणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, ठोकळा बसवला. पण ओहोटी लागली होती. चाचणी नाही. नाना म्हणाले, परवा सकाळी नऊला पाणी असेल.

परवा मी अर्धी रजा टाकून गेलो. काकी नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून, मांडीवर पिशवी घेऊन नानांच्या मागे बसल्या होत्या. पिशवीत काय म्हणून विचारलं तर, तांदळाची भाकरी आणि वाटेतलं पाणी. मी कंप्युटरशेजारी जमिनीवर बसलो, एक हात त्याच्या अंगावर ठेवून. ताप बघायला ठेवतात तसा.

भोंगा दिला. लाँच सुटली. आठ मिनिटं. नऊ. करंजा आलं. करंजा मागे गेलं. मी पहिल्यांदाच त्या खेळात करंजाची दुसरी बाजू बघितली, आणि ती काही खास नव्हती, पण मला फार आवडली. दहा, बारा, वीस. माझ्या हाताखाली पेटी कोमट होती, बस. नानांच्या मानेवर घाम आला होता.

पाऊण तासाने लाल बोया दिसला. नानांनी वेग कमी केला. मागे न बघता विचारलं, "हायस ना?"

"हाय," काकी म्हणाल्या. पिशवीच्या बंदावर त्यांची बोटं घट्ट आवळलेली मी बघितली. "तुमी फुडं बगा."

बोया डाव्या बाजूने हळूहळू मागे गेला. नानांनी एक मोठा श्वास सोडला. तेलाची जहाजं गेली, मुंबईच्या इमारती उंच होत गेल्या, आणि बरोबर सव्वा तासाने भाऊचा धक्का समोर आला. अगदी जसाच्या तसा, पायऱ्या, दोरखंड, सगळं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "नाना, लावा आता. भोंगा द्या."

नानांनी भोंगा दिला नाही. त्यांनी मागे वळून बघितलं, म्हणून मीही बघितलं. काकी झोपल्या होत्या. पिशवी मांडीवरच होती, पण बोटं सुटलेली, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. कधी झोपल्या ते कळलंच नव्हतं.

नानांनी लाँच धक्क्याजवळून वळवली आणि पुन्हा पाण्यात घेतली. संथ, मोठा वळसा. धक्का उजवीकडून मागे गेला, पुन्हा समोर आला, पुन्हा मागे गेला. तिसऱ्या फेरीला मी हळूच म्हटलं, "नाना, पोचलो ना आपण. लावत का नाही?"

त्यांनी स्पीकरचा आवाज बारीक केला.

"चौतीस वरसं लाँच परत लागंपर्यंत ही जागी असायची," ते म्हणाले. "मी पान्यावर असताना झोपलीय ती आज पैल्यांदा. झोपू दे."