नूतनीकरणाचे लग्न

दक्षाची शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षीही चालू राहावी म्हणून तिच्या आईवडिलांनी आता लग्न करून टाकावे, असा निर्णय घरात एकमताने झाला.

तलासरीकडच्या पाड्यांवर यात विशेष काही नाही. दक्षाचे आईबाप, सोमी आणि लडक्या, वीसेक वर्षे एकाच चुलीवरचे जेवत होते. लग्न म्हणजे मांडव, गावजेवण, ताडी आणि गाणी म्हणत लग्न लावणारी धवलेरी. इतके सगळे एकदम जमत नाही, म्हणून माणसे आधी संसार करतात आणि लग्न सवडीने. कोणी मुलाच्या मांडवात स्वतःचेही उरकून घेतात. सोमीला सवड मिळाली नव्हती, एवढेच.

मध्येच शिष्यवृत्तीचे नूतनीकरण आले. नूतनीकरण म्हणजे आपण गेल्या वर्षीचेच आहोत हे पुन्हा सिद्ध करणे. मुलीचे गुण वाढलेले चालतात, बापाचे उत्पन्न वाढलेले चालत नाही. घोलवडच्या चिकूवाडीत राबणाऱ्या लडक्याने त्या बाबतीत कधी कोणाला तक्रारीला जागा दिली नव्हती. अडले ते सोमीपाशी.

"आईच्या आधारवर तिच्या बापाचं नाव, मुलीच्या कागदांवर आईपुढे नवऱ्याचं," कॉलेजातले क्लार्क उमेशभाऊ म्हणाले. "या दोन बायका कोण?"

"एकच आहे, सायेब. ही काय, उभी आहे," सोमी म्हणाली.

"उभं राहून चालत नाही, मावशी. लग्नाचा दाखला आणा. नाहीतर शिष्यवृत्ती बंद, आणि हॉस्टेलही."

हॉस्टेल सुटले की दक्षा बापाच्या शेजारी चिकू तोडायला उभी राहणार, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होते.

लग्न झाले. खरे सांगायचे तर सोमीची सगळी घाई शिष्यवृत्तीसाठीच होती असे नाही. आपल्यालाही हळद लागावी, जिजा धवलेरीने आपले नाव घेऊन गाणे म्हणावे, ही हौस तिने चाळिशीपर्यंत दाबून ठेवली होती. सरकारने मागणी केल्यावर ती हौस देशकार्य झाली. भिंतीवर लग्नचौकाचे चित्र काढणाऱ्या बायांना तिने घोड्याची शेपटी पुन्हा काढायला लावली. मांडवात ती लाजलीसुद्धा.

"आये, लाजू नको," हळद लावणारी दक्षा म्हणाली. "फोटो दाखल्याला लावायचाय."

ग्रामसेवकाने दाखला दिला. जपून राहावा म्हणून सोमीने तो लगेच लॅमिनेट करून घेतला, आणि लॅमिनेट केलेला चालत नाही म्हणून दुसरा काढला. हुशारी अंगाशी येण्याची तिला सवय होती.

उमेशभाऊंनी लग्नाची तारीख भरली. संगणक अडला.

"मावशी, लग्न यंदाचं आहे."

"तुम्हीच सांगितलं ना, सायेब."

"दाखला आणा म्हटलं. यंदाचा आणा म्हटलं नव्हतं. मुलगी लग्नाच्या आधीची दिसते. सिस्टिम तुम्हाला बापाची नवी बायको धरते. म्हणजे तुम्ही सावत्र."

"मग सख्खी कोण?"

"ते मला काय माहीत. तिच्या मृत्यूचा दाखला लागेल."

लडक्या पुढे सरकला. "ती मेली असती तर मी लग्न कोणाशी लावलं असतं?" त्याने विचारले.

हा मुद्दा वर कळवतो, असे उमेशभाऊ म्हणाले.

माणूस म्हणून ते वाईट नव्हते. मुदत संपत आली तेव्हा त्यांनीच वाट काढली. अनाथ विद्यार्थ्याला ना उत्पन्नाचा दाखला लागतो, ना आईचे नाव. "फक्त एक प्रतिज्ञापत्र द्यायचं. मुलीला कोणीच नाही, असं."

"लिहून कोण देणार?" सोमीने विचारले.

"आईवडील. दोघांच्या सह्या लागतात, एकट्याची चालत नाही."

दक्षा उठली. "मला नको ही स्कॉलरशिप."

"गप बस," सोमी म्हणाली. "आईबापाच्या शब्दाबाहेर जायचं नाही."

आणि तिने सही केली. सही करायला ती शिकली होती लेकीच्या पहिल्या वर्षीच्या अर्जासाठी. दुसऱ्या वर्षी ती सही, आपण नाही आहोत हे सांगण्याच्या कामी आली. लडक्याने शेजारी अंगठा उठवला. अंगठा नीट उमटला आहे ना, हे उमेशभाऊंनी दोनदा पाहिले. या बाबतीत गफलत नको होती.

"आणि मावशी, पुढच्या वर्षीही असंच राहा," ते म्हणाले. "मध्येच परत यायचं नाही."

शिष्यवृत्ती चालू राहिली. कॉलेजने अनाथ मुलींचा सत्कार ठेवला. आपणही जावे असे सोमीला वाटले, आणि नाही आहोत म्हटल्यावर कोण अडवणार म्हणून ती जाऊन मागच्या रांगेत बसली. व्यासपीठावर पाहुण्यांनी दक्षाला शाल दिली. फोटोच्या वेळी त्यांना काहीतरी उणे वाटले. "सभागृहातली एखादी माऊली या लेकरामागे उभी राहील का?" त्यांनी विचारले.

सोमी उठली, वर गेली आणि दक्षाच्या खांद्यावर हात ठेवला. खाली मान घातलेल्या पोरीचा खांदा हलत होता, तो तिने दाबून धरला. परक्या मुलीसाठी एवढी माया पाहून पाहुण्यांनी डोळे टिपले आणि सोमीला नारळ दिला.

तो फोटो मग मोबाइलवर फिरला. तुमच्याकडेही आला होता. तुम्ही त्याखाली जोडलेले हात टाकलेत, आणि ‘अशा माता आजही आहेत’ असे लिहून पुढे पाठवलात.