पहिला तुकडा कोणाच्या ताटात

मुलगा कसा आहे हे त्याच्या पगारावरून, शेतीवरून किंवा पत्रिकेवरून कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या शेजारच्या वासूभाऊंना भेटावं. ते सांगतील, पत्रिका गुंडाळून ठेवा आणि पोराला पिझ्झा खायला घाला.

वासूभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बुलढाण्याच्या बसस्थानकावर चिखली, मेहकर, खामगाव अशा गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भोंगा बंद पडला तरी प्रवाशांना पत्ता लागायचा नाही, असा आवाज. ते निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. मग त्याला काम हवं म्हणून त्यांनी लग्नं जमवायला घेतली. भाषा मात्र स्टँडवरचीच राहिली. स्थळ आलं की "गाडी लागली." मुलाकडचे विचार करून सांगतो म्हणाले की "गाडी लेट हाय." नकार आला की "रद्द! दुसरी पाहा." माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न लागलं तेव्हा भटजींच्या आधी यांनीच मांडवात आरोळी ठोकली, "सुटली रे सुटली!" भटजी बिचारे अक्षता हातात धरून बघत राहिले.

त्यांचा कायदा एकच. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम घरी करायचा नाही. पोहे नाहीत, ट्रे नाही, "जरा इकडून तिकडे चालून दाखव" नाही. दोन्हीकडच्या मंडळींनी चिखली रोडवर पंकजच्या पिझ्झ्याच्या दुकानात यायचं. हा पंकज वरवट बकाल गावचा. पुण्यात एका हॉटेलात पिझ्झे भाजायला शिकला आणि इथं येऊन दुकान टाकलं. चार टेबलं, एक पंखा आणि भिंतीवर तो इटलीतला कललेला मनोरा. चित्राचा एक खिळा निघालाय, त्यामुळे चित्र कललंय आणि मनोरा सरळ उभा आहे. पिझ्झ्याबरोबर वाटीत हिरव्या मिरचीचा ठेचा येतो. तो ठेचा खाऊन मग पुण्याची मंडळी पाणी पीत बसतात, हे बघायला मला फार आवडतं.

"पिझ्झाच काऊन पण?" मी एकदा विचारलं होतं.

"पोह्यात काय होते वहिनी, पाव्हणे बसते आरामात, अन् पोरगी ट्रे घेऊन उभी. परीक्षा तिची एकटीची. पिझ्झा कोणालेच नीट खाता येत नाही. सगळेच परीक्षेले!"

आणि हे खरं आहे हो! मी स्वतः पाहिलंय. एक होणारी सासूबाई, अंगावर पैठणी, चेहऱ्यावर असा भाव की जणू आम्हीच त्यांच्याकडे अर्ज घेऊन आलोय. त्यांनी पिझ्झ्याचा घास घेतला आणि चीजची तार ताटापासून तोंडापर्यंत ताणली गेली. तुटेना. त्या मान मागे नेतात, तार लांबते. हाताने तोडावी तर हाताला चिकटते. शेवटी मुलीनेच उठून चमच्याने ती तार कापली. वासूभाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाह्यलं? आता ह्या बाईचा रुबाब या घरात जलमभर चालत नाही." कानाशी म्हणजे त्यांच्या आवाजात. चारही टेबलांना ऐकू गेलं.

त्यांचं सगळं लक्ष असतं पहिल्या तुकड्यावर. पिझ्झा टेबलावर आला की ते खुर्ची मागे सारतात, हात मांडीवर ठेवतात आणि श्वास रोखून बघतात. पहिला तुकडा मुलाने स्वतःच्या ताटात घेतला, तर आपमतलबी. मुलीच्या ताटात ठेवला, तर "दाखवून राह्यला." आईच्या ताटात, तर पोरीने पळावं. मुलीच्या बापाच्या ताटात, तर पोरगा पुढे निवडणुकीला उभा राहणार.

"मंग घ्यावा तरी कोणता पोरगा?" मी चिडून म्हणाले.

"ज्याची जीभ भाजते अन् जो सोताले हासते, तो."

चिडायला मला कारण होतं. माझ्या स्वतःच्या मुलीचं एक चांगलं स्थळ या माणसाने शिमला मिरचीपायी घालवलं. मुलगा इंजिनिअर, उंच, हसतमुख. मी मनात मांडवसुद्धा घातला होता. तो आपल्या तुकड्यावरच्या शिमला मिरचीच्या फोडी एकेक वेचून माझ्या मुलीच्या ताटाच्या कडेला ठेवत होता, अगदी गप्पा मारता मारता. वासूभाऊ उठले आणि फलाटावर उभं राहून सांगावं तसं म्हणाले, "रद्द!" बाहेर आल्यावर मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, आज मिरची टाकून राह्यला. उद्या जे जे नाही आवडलं ते समदं तिच्याच ताटात टाकीन." मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग एके दिवशी मुलगीच म्हणाली, आई, मलाही ते खटकलं होतं. आता ती अकोल्याला सुखात आहे. जावयाची पहिल्याच घासाला जीभ भाजली होती.

या सगळ्या कायद्याचं मूळ त्यांच्याच घरात आहे, हे मला कुसुमताईंकडून कळलं. कुसुमताई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. घरीच ब्लाऊज शिवतात, आणि स्वतः कायम पूर्ण बाह्यांचे घालतात. त्यांच्या उजव्या मनगटावर कोडाचा डाग आहे, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. ऐन वयात त्यांना पाहायला लोक यायचे. त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या की सगळ्यांचे डोळे त्या मनगटावर. पोहे संपायचे, पाहुणे जायचे, मग निरोप यायचा. "दादा दाराआड उभा राहून पाहायचा," कुसुमताई म्हणाल्या. "मी रडत नव्हते, तोच रडे." आधी कुसुमचं, मग माझं, असं वासूभाऊंनी तेव्हा घरात सांगून टाकलं. कुसुमचं झालं नाही. मग त्यांचंही राहिलं. दोघं भाऊबहीण त्या घरात पन्नाशीच्या पुढे आली.

आणि गेल्या उन्हाळ्यात गंमतच झाली. आमच्या गल्लीची वैशाली मेहकरला दिली आहे. ती माहेरी आली आणि थेट वासूभाऊंकडे गेली. मी तिथेच बसले होते.

"काका, आमच्या बाबांसाठी एक स्थळ पाहा ना. आई गेल्यापासून ते जेवताना कोणाशी बोलतच नाहीत." बाबा म्हणजे तिचे सासरे, श्रीधर गुरुजी, निवृत्त शिक्षक.

वासूभाऊ सरसावून बसले. "काऊन नाही! गाडी लावतो. कशी पाह्यजे?"

"शांत. आपल्या पायावर उभी असलेली. घरात बसून शिवणकाम वगैरे करणारी चालन."

वासूभाऊंनी डोळे मिटून डोक्यातला सगळा जिल्हा धुंडाळला. "अशी बाई मिळणं कठीण हाय," म्हणाले.

वैशाली म्हणाली, "कुसुमताई आत हायत ना?"

"हाव, आत हाय. काऊन, ब्लाऊज टाकायचा हाय?"

मी तोंडाला पदर लावला. वैशाली नुसती हसत त्यांच्याकडे बघत राहिली. आणि मग वासूभाऊंच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उगवलं. आतलं शिलाई मशीन केव्हाच थांबलं होतं.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कोणाला झोप नव्हती. वासूभाऊ रोज पंकजकडे. टेबल पंख्याखालचं पाहिजे, पण वारं पिझ्झ्यावर नको. पिठात मीठ कमी. ठेचा वेगळा ठेव, गुरुजी मास्तर माणूस हाय, तिखट झेपन न झेपन. मला दिवसातून चारदा हाका. "वहिनी, कुसुमले कोणतं लुगडं सांगितलं?" कुसुमताई म्हणत, आता या वयात काय दादा. आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन हळूच विचारत, मोरपंखी बरी दिसेल की जांभळी? मीही इतकी हरखून गेले होते की ऑफिसात दोन फायली एकमेकींत बांधल्या.

रविवारी दुपारी मेहकरची गाडी आली. वासूभाऊंनी गुरुजींना आणि वैशालीला स्टँडवरून जवळजवळ ढकलतच दुकानात आणलं. गुरुजी बारीक, पांढरा सदरा, खिशाला पेन. कुसुमताई माझ्या शेजारी, जांभळ्या साडीत, बाह्या मनगटापर्यंत. पंकजने पिझ्झा आणून ठेवला. वासूभाऊंनी सवयीने खुर्ची मागे सारली, पण त्यांना काही दिसत होतं असं मला वाटत नाही. ते नुसते घाम पुसत होते.

कोणीच हात लावेना. शेवटी गुरुजी खाकरले. "आधीच सांगून टाकतो. मले कवळी हाय. मधलं खाता येते, ह्या कडा नाही जमत."

कुसुमताईंनी पंकजला हाक मारली. "कात्री हाय का रे? धुऊन आण." आणि कात्री आल्यावर, काही विचार न करता, रोजच्या कामाला बसावं तशा त्यांनी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. पिझ्झ्याचा तुकडा हातात धरून त्याची कड त्यांनी ब्लाऊजचा गळा कापावा तशी सफाईने कापून काढली.

मनगट उघडं. तो डाग पंख्याखालच्या उजेडात लख्ख.

वासूभाऊ ताडकन उठले. कुसुमताईंच्या आणि गुरुजींच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि खच्चून बोलायला लागले. "गाडीत गर्दी होती काय हो? चिखलीले लय थांबते ना? रस्त्याचं काम सुरू हाय म्हणते!" इतक्या वर्षांनी तो माणूस पुन्हा दाराआड उभा होता.

"भाऊ," गुरुजी म्हणाले, "जरा बाजूले व्हा. तुम्ही उजेड अडवून राह्यले. त्यायले कापताना दिसत नसन."

वासूभाऊ बाजूला झाले. गुरुजींनी ताट पुढे केलं आणि कुसुमताईंनी पहिला तुकडा त्यांच्या ताटात ठेवला.

"अन् ह्या कडा?" गुरुजींनी विचारलं.

"मले कडाच आवडतात," कुसुमताई म्हणाल्या, आणि कुरकुरीत आवाज करत एक खाल्लीसुद्धा.

गुरुजी हसले. वैशाली हसली. मी तर इतकी मोठ्याने हसले की पंकज आतून डोकावला. गुरुजींनी पेन काढून कागदी रुमालावर मेहकरच्या घराचा नकाशा काढला. मशीन कुठे ठेवता येईल, उजेड कुठून येतो. कुसुमताई वाकून बघत होत्या, कोपऱ्यापाशी बोट ठेवून काहीतरी विचारत होत्या. बाह्या खाली ओढायचं त्यांना आठवलंच नाही.

मग वैशालीने सरळच विचारलं. कुसुमताईंनी भावाकडे पाहिलं. "माझा होकार हाय. पण दादाले कोण..."

"ए!" वासूभाऊ गरजले. "गाडी सुटायच्या टायमाले कोणी खाली उतरते का? बस गुमान! माझं काय? मले समदा सयपाक येते!"

कुसुमताई घरी नसल्या की या माणसाला चहात साखर किती घालायची हेही भिंतीपलीकडून मला विचारावं लागतं. कुसुमताई रडत होत्या आणि हसत होत्या, वैशालीने त्यांना मिठी मारली होती, आणि वासूभाऊ सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडले, "सुटली!" दुसऱ्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी काही न कळताच टाळ्या वाजवल्या.

कुसुमताई, वैशाली आणि गुरुजी बाहेर पडले. मी पर्स घ्यायला मागे वळले, तर वासूभाऊ पंकजच्या काउंटरपाशी उभे होते. असा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"पंकज, तुझ्यापाशी एका माणसाचा पिझ्झा असते का रे?"

"असते ना काका."

"केवढा असते?"

पंकजने दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत एक लहानसा गोल करून दाखवला. वासूभाऊंनी तसाच गोल आपल्या हातांनी करून पाहिला.

"पुरन," ते म्हणाले. "तेवढा पुरन मले."