वर-खाली होणारा बेंच

उकव्याच्या मँगनीज खाणीत मी एकतीस वर्षं छताला लाकडी टेकू लावले आणि माझा एकही टेकू कधी बोटभर हलला नाही! वर डोंगर, खाली माणसं, मधे माझं लाकूड. अक्षरं मी बावन्नाव्या वर्षी शिकलो, खाणीतल्या साक्षरता वर्गात. पण लाकडाची भाषा मला दुधाच्या दातांपासून येते. लाकूड करकरलं की ते काय मागतं? पाचर! सागाची निमुळती चिपटी घ्या, फटीत घाला, दोन ठोके द्या. लाकूड गप्प! हाताला ही सवय इतकी जडली की कुठे काही खुटखुटलं तरी माझा हात आपोआप खिशातल्या चाकूकडे जातो. लग्नाच्या पहिल्या महिन्यात खाट करकरली, तेव्हासुद्धा मी... असो! हे माझी बायको तुळसाबाई वाचणार आहे.

सांगायचं ते असं, की असा माणूस घरात असताना त्याच्याच नातीला कोणी म्हणावं, तुझा हात हलतो?

माझी नात श्रुतिका अकरावीत आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीची नेमबाजी करते. बंदूक क्लबाची. दिवाळीच्या सुट्टीत, छर्रे न भरता नुसता नेम धरायच्या सरावासाठी ती घरी आणली होती. आणली त्याच दिवशी मी ती फडक्याने पुसून, इकडून तिकडून जरा देखभाल करून ठेवली. नवी वस्तू घरात आली की मला राहवत नाही.

सुट्टी संपली आणि पोरीचे छर्रे डावीकडे जायला लागले. तिचे शिकवणारे राजेंद्र सर म्हणाले, नेम धरायची मागची खाच स्क्रू फिरवून उजवीकडे घे. तिने स्क्रू फिरवला. छर्रे डावीकडेच! शेवटी सर म्हणाले, "बेटा, बंदूक ठीक है. तेरा हाथ हिल रहा है." जिल्ह्याच्या निवडीला एकच जागा होती. नावं शनिवारी पाठवायची होती. श्रुतिकाचा हात हलत असेल, तर जागा बिरसा गावच्या दीपिकाला जाणार होती.

त्या दिवशी पोरगी घरी आली आणि ताटावरून तशीच उठली.

"हात माझा हलत नाही, आबाजी. पण सिद्ध कसं करू? बंदूक मजबूत बेंचवर टेकवून मारली तर समजते, हात हलते का बंदूक चुकते. क्लबात तसा बेंचच नाही."

"बेंच? लाकडाचा?"

"हौ. पण वर-खाली होणारा पायजे. बसणाऱ्याच्या उंचीनं करता आला पायजे."

मी छातीवर हात मारला. "शनिवारी सकाळी बेंच मैदानावर! तू जेव पहिले!"

ती जेवली. मग माझी भूक गेली. एकतीस वर्षं मी न हलणारं लाकूड करत आलो आणि आता हलणारं करायचं! आयुष्यभर भिंती बांधणाऱ्याला कोणी झोका मागावा, तसं झालं.

पण बाबूलाल होता. खाणीत तो माझ्याबरोबर ट्रॉल्या ढकलायचा. आता रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. त्याने जुन्या जीपचा स्क्रूवाला जॅक काढून दिला.

"यानं भरली जीप उचलली आहे, तेजराम! तुझी नात काय चीज आहे!"

आम्ही पडवीतच काम मांडलं. साजाच्या लाकडाचे चार पाय, वर बीजाच्या लाकडाच्या फळ्या, मधे जॅक. दांडा उजवीकडे फिरवला की फळी वर, डावीकडे फिरवला की खाली. पायांची जाडी मी माझ्या मांडीवरून घेतली.

"पोरगी बंदूक ठेवणार आहे का तोफ?" बाबूलालने विचारलं.

"वर डोंगर आला तरी टिकला पायजे!"

"डोंगर कायले येईल तिथं? मैदान आहे ते!"

चार दिवसांत बेंच उभा राहिला. दांडा फिरवला. फळी लोण्यासारखी वर चढली! मी मिशीवर हात ठेवला, तेवढ्यात फळी बोलली. कर्र!

दुसऱ्या क्षणी पाचर आत.

स्वयंपाकघराच्या दारातून तुळसाबाई पाहत होती. "अवो, हे वर-खाली व्हायचं आहे ना? मंग ठोकून काहून राह्यले?"

"करकरलं ना ते!"

"हलंल तर करकरंलच ना! पाच लेकरांचा पाळणा करकरला, तवा कुठं गेलता?"

खाणीत गेलो होतो. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. बाबूलालने पाचर उपसली. फळी करकरली. मी पुन्हा ठोकली. त्याने पुन्हा उपसली. दुपारपर्यंत आमचं हेच चाललं, विटीदांडू खेळल्यासारखं. शेवटी त्याने माझी हातोडी घेतली आणि तिच्यावर बसून राहिला.

शुक्रवारी बेंच तयार झाला. आता फक्त चाचणी राहिली. मैदानावर जाऊन बेंच दबला तर? खाणीत आम्ही वजन दिल्याशिवाय टेकू पास करत नव्हतो. पण एवढं वजन घरात कुठून आणायचं? मी वर पाहिलं. पडवीचं छत! आयतं वजन!

मी एक जाड लाकडी बल्ली आणली, तिचं एक टोक बेंचच्या मागच्या भागावर ठेवलं, दुसरं छताच्या मयालीला, म्हणजे आडव्या तुळईला, लावलं आणि जॅकचा दांडा धरला.

"राहू दे, तेजराम," बाबूलाल म्हणाला.

"अर्धा आटा!"

अर्धा आटा फिरवला. बेंच गप्प.

"अजून अर्धा!"

बेंच गप्प! असं सुख मला खाण सोडल्यापासून मिळालं नव्हतं. मी आणखी दोन आटे फिरवले. मग आवाज आला, पण वरून. मयाल चार बोटं उचलली गेली होती आणि छतावरचे मातीचे कवेलू जत्रेतल्या गर्दीसारखे एकमेकांना ढकलत खाली सरकत होते. तीन खाली फुटले. कोंबड्या चुलीपर्यंत पळाल्या. ज्या खांबावर ही मयाल चाळीस वर्षं टेकलेली होती, त्याच्यावरचं ओझं उतरलं. त्याचं बूड वाळवीने कधीच खाल्लं होतं. तो दोन श्वास तसाच उभा राहिला आणि मग दमलेल्या पाहुण्यासारखा अंगणात आडवा झाला.

तुळसाबाई लाटणं घेऊन धावत आली. "काय पडलं?"

"खांब."

"कोणता?"

"छताचा."

"मंग छत कशावर आहे?"

आम्ही तिघांनी हळूहळू मान वळवली. छत बेंचवर होतं.

"दांडा उलटा फिरवू का?" बाबूलालने विचारलं.

"फिरव! तुझ्या टकलावर कवेलू लय शोभतील!"

तेवढ्यात बेंच करकरला. बाबूलाल हातोडीवरून उठलेला होता. पुढचं मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा अकरा पाचरी आत गेल्या होत्या, जॅकचा दांडा हत्तीकडूनही फिरला नसता आणि फळी माझ्या छातीच्या उंचीवर कायमची बसली होती. नवा खांब मिळायला सोमवार उजाडणार होता.

संध्याकाळी श्रुतिका आली. तिने आडवा खांब पाहिला, वरचं छत पाहिलं, मधला बेंच पाहिला.

"आबाजी, हे उद्या मैदानावर कसं नेणार?"

ती पायरीवर बसली आणि हाताचे पंजे पालथे करून पाहू लागली, खरंच हलतात का म्हणून. इतकी वर्षं कोणी माझ्या टेकूवर संशय घेतला नाही. हिच्या हातावर सगळे घेत होते, आणि तो संशय दूर करायचा सोडून मी फक्त छत उचललं होतं.

मी तिला सरांना फोन लावायला सांगितला. "सर, बेंच येऊ शकत नाही. तुम्हीच या!"

शनिवारी सकाळी राजेंद्र सर मोटरसायकलवर आले. पडवीत शिरले आणि तसेच दोन पावलं मागे गेले.

"दादाजी, ये बेंच है? इस पे तो पूरा घर खड़ा है!"

"हौ सर. म्हणूनच तर हलत नाही!"

दहा मीटरवर भुशाचं पोतं उभं केलं, त्यावर निशाण्याचा कागद लावला. बेंच खाली येणं शक्य नव्हतं, म्हणून नातीलाच ॲडजस्ट केलं. खाली स्टूल, त्यावर पाट, पाटावर चिन्नोरच्या तांदळाचं अर्धं पोतं, त्यावर श्रुतिका! बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली. तुळसाबाईने कोंबड्या टोपलीखाली झाकल्या.

फट्! फट्! पाच छर्रे.

सर कागदापर्यंत गेले. वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले.

"एकच छिद्र आहे का?" श्रुतिकाने वरूनच विचारलं. आवाज कापत होता, हात नाही.

सर परत आले, तिला उतरवलं, स्वतः पोत्यावर चढले आणि पाच छर्रे मारले. तेही त्याच छिद्रात! मधल्या ठिपक्यापासून दोन बोटं डावीकडे.

"माफ़ करना बेटा," सर म्हणाले. "तेरा हाथ पत्थर है. गड़बड़ बंदूक में है."

श्रुतिका आजीला जाऊन बिलगली. माझी छाती इतकी फुगली की वरच्या छताला मीच आधार झालो असतो! आणि छाती फुगली की माणसाच्या तोंडाला लगाम राहत नाही.

"मी पहिल्याच दिवशी सांगत होतो!" मी सगळ्यांना ऐकवलं. "कोण्या अडाण्यानं बंदुकीले हात लावला असंल! अक्कल नाही अन् कायलेही हात घालतेत! असा माणूस सापडला ना, सर, त्याले पहिले माह्याकडं पाठवा!"

सरांनी तुळसाबाईकडून सुई मागितली आणि मागची खाच उघडली. स्क्रू फिरत होता, पण खाच जागेवरून सरकत नव्हती. काहीतरी अडकलं होतं. त्यांनी सुईने टोचलं आणि तळहातावर एक चिपटी पडली. तांदळाच्या दाण्याएवढी. सागाची. तिन्ही बाजूंनी नीट तासलेली.

"ये क्या है?"

बाबूलालने ती चिमटीत धरली आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

"सर," तो म्हणाला, "एवढी गोड पाचर आख्ख्या उकव्यात एकच माणूस काढत होता."

मग मला दिवाळी आठवली. फडकं आठवलं. ती खाच जरा खुटखुटत होती, तेही आठवलं. आणि चमच्याच्या दांड्याने दिलेले दोन ठोके!

"आबाजी..." श्रुतिका म्हणाली.

"खुटखुटत होती ना ती," मी म्हणालो.

तुळसाबाईने फक्त माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहू शकत नाही. एवढी अक्षरं मला अजून येत नाहीत.

पाचर निघाली, खाच सरकली, पोरीचे छर्रे ठिपक्यात बसले आणि सरांनी पडवीतूनच फोन करून तिचं नाव कळवलं. रविवारी निवड झाली. आता जबलपूरला स्पर्धा आहे. मलाही नेणार आहेत, पण चाकू घरी ठेवायचा आणि बंदुकीपासून दहा पावलं लांब उभं राहायचं, या अटीवर.

सोमवारी नवा खांब काही आला नाही. छत बेंचवरच आहे. हे मी त्याच बेंचवर कागद ठेवून, उभ्याने लिहितो आहे, कारण बसलं की हात पोहोचत नाही. लिहिताना फळी हलकीशी करकरते. पण हातोडी तीन आठवड्यांपासून सापडत नाही आणि तुळसाबाई म्हणते, तिला काहीच माहीत नाही.